रेणूंचे आकार आणि केळीची वखार

जळगाव शहराला लागून असलेले असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर आणि भरिताच्या वांग्यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. या परिसरातून तापीच्या दोन्ही अंगांनी यावल, रावेर, चोपड्यापर्यंत केळीचा पट्टा पसरला आहे. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या पट्ट्यातला घड झाडावरून हिरवाच उतरतो, उत्तर भारतातील बाजारांपर्यंत हिरवाच जातो आणि ग्राहकाच्या हाती पडण्याच्या काही दिवस आधी वखारीत पिकवला जातो. तो कोणत्या वायूने पिकवला, या प्रश्नाने अन्न व औषध प्रशासनापासून घरातल्या गृहिणीपर्यंत सर्वांनाच सतावले आहे. इथिलीन चालते आणि कार्बाइड चालत नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र कार्बाइडच्या वायूने केळी मुळात पिकतेच कशी आणि त्याच पुडीतून विष कसे येते, हे समजून घ्यायचे तर अकरावीच्या रसायनशास्त्रातील एका प्रकरणाकडे वळावे लागते. ते प्रकरण रेणूंच्या आकाराचे आहे.

फळ्यावर किंवा वहीत काढलेला रेणू सपाट दिसतो. मध्ये कार्बनचे अक्षर, त्याच्या चार बाजूंना हायड्रोजनची चार अक्षरे, जोडणाऱ्या चार रेघा. प्रत्यक्षातला रेणू असा नसतो. त्याला लांबी, रुंदी आणि उंची असते, त्याच्या बंधांमध्ये ठरावीक कोन असतात, आणि या कोनांवर पाण्याच्या द्रवरूपापासून औषधाच्या गुणापर्यंत अनेक गोष्टी अवलंबून असतात. हे कोन कोण ठरवते, याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे.

जागेसाठी रेटारेटी

अणूच्या केंद्रकाभोवती जे इलेक्ट्रॉन असतात, त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या कवचातील, म्हणजे संयुजा कवचातील इलेक्ट्रॉनच दुसऱ्या अणूशी व्यवहार करतात. दोन अणूंमधील बंध म्हणजे दोघांनी सामाईक केलेली इलेक्ट्रॉनांची जोडी होय, असे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडले. दोन शेतांमधला बांध जसा दोन्ही शेतकऱ्यांचा, तशी ही जोडी दोन्ही अणूंची. आता एकाच अणूभोवती अशा तीन-चार जोड्या आल्या, तर काय होईल? सर्वच जोड्या ऋणभारित. त्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटतात आणि अणूभोवती परस्परांपासून शक्य तितक्या लांब जाऊन बसतात. रेणूचा आकार म्हणजे या दूर सरकण्याचा परिणाम होय.

याचा पडताळा चार फुग्यांनी घेता येतो. सारख्या फुगवलेल्या दोन फुग्यांची तोंडे एकत्र बांधली, की ते एका सरळ रेषेत विरुद्ध दिशांना पसरतात. त्यांच्यातला कोन १८० अंशांचा. तीन फुगे बांधले, की ते एका पातळीत त्रिकोणाच्या कोपऱ्यांकडे वळतात. कोन १२० अंशांचा. चौथा फुगा बांधला, की मात्र ते सपाट राहतच नाहीत. जमिनीवर ठेवल्यास तीन फुगे तिवईसारखे टेकतात आणि चौथा वर उभा राहतो. हा चतुष्फलक झाला, आणि त्यातला प्रत्येक कोन सुमारे १०९.५ अंशांचा. फळ्यावरच्या अधिक चिन्हात चार रेघांमधले कोन ९० अंशांचे असतात. पातळी सोडून अवकाशात गेल्यास प्रत्येकाला आणखी साडेएकोणीस अंशांची मोकळीक मिळते, मग कोणतीही जोडी ती का सोडेल? गोबरगॅसमधला मुख्य वायू मिथेन याच आकाराचा आहे.

जोड्या पाच झाल्या, की त्रिकोणाच्या वर एक आणि खाली एक अशी रचना होते. सहा झाल्या, की सर्व कोन ९० अंशांचे असलेला अष्टफलक तयार होतो. वीज उपकेंद्रांतील सर्किट ब्रेकरमध्ये ठिणगी विझविण्यासाठी वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू या अष्टफलकाचे उत्तम उदाहरण आहे. गंधकाच्या अणूला सहा बाजूंनी फ्लोरिनने इतके घट्ट वेढलेले असते, की बाहेरच्या रेणूला आत शिरकाव करणे अवघड जाते. त्याच्या निष्क्रियतेचे ते एक कारण आहे.

न दिसणारी जोडी

येथपर्यंतचा हिशेब सोपा आहे. खरी गंमत पुढे आहे. अणूभोवतीची प्रत्येक जोडी दुसऱ्या अणूशी बांधलेली असेलच असे नाही. काही जोड्या कोणाशीही न जुळता एकट्याच राहतात. त्यांना एकाकी जोडी म्हणतात. रेणूचा आकार सांगताना आपण फक्त अणूंच्या जागा पाहतो, त्यामुळे एकाकी जोडी आकारात मोजली जात नाही. जागा मात्र ती पुरेपूर अडवते. किंबहुना बांधलेल्या जोडीपेक्षा थोडी जास्तच अडवते. बंधातील जोडीला दोन अणूंची केंद्रके दोन्हीकडून खेचून धरतात. एकाकी जोडीवर एकाच केंद्रकाचा ताबा असतो, म्हणून ती अणूभोवती अधिक ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना रेटून जवळ आणते.

अमोनियाचे उदाहरण घ्यावे. नायट्रोजनच्या बाह्य कवचात ५ इलेक्ट्रॉन, तीन हायड्रोजनचे ३, असे एकूण ८, म्हणजे चार जोड्या. त्यांतल्या तीन हायड्रोजनशी बांधलेल्या, एक एकाकी. चार जोड्या असल्याने मूळ मांडणी चतुष्फलकाचीच. पण एक कोपरा रिकामा दिसत असल्याने अणूंचा आकार तीन पायांच्या बुटक्या मनोऱ्यासारखा भासतो. एकाकी जोडीच्या रेट्यामुळे १०९.५ अंशांचा कोन आक्रसून सुमारे १०७ अंशांवर येतो. युरियाच्या पोत्यापाशी नाकाला झोंबणारा हा वायू पाण्यात इतक्या सहज विरघळतो आणि आम्लाशी तत्काळ संयोग पावतो, त्यामागे ही मोकळी जोडीच असते.

पाण्यात ऑक्सिजनपाशी दोन जोड्या बांधलेल्या आणि दोन एकाकी असतात. दोन एकाकी जोड्यांचा दुहेरी रेटा बसल्याने कोन १०४.५ अंशांपर्यंत खाली येतो आणि रेणू वाकडा होतो. हा वाकडेपणा नसता, तर पृथ्वीवर नद्या वाहिल्या नसत्या. तुलनेसाठी कार्बन डायऑक्साइड पाहावा. त्यातल्या कार्बनपाशी एकही एकाकी जोडी नाही, दोन ऑक्सिजन दोन विरुद्ध बाजूंना, रेणू काठीसारखा सरळ. दोन्ही टोकांची ओढ सारखी असल्याने विद्युतभार एका बाजूला झुकत नाही. वजनाने पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ अडीचपट असूनही हा रेणू नेहमीच्या तापमानाला वायूच राहतो आणि त्याचा घन बर्फ उणे ७८ अंश सेल्सिअसलाच उडून जातो. पाण्याच्या वाकड्या रेणूत मात्र ऑक्सिजनची बाजू ऋण आणि हायड्रोजनची बाजू धन होते, शेजारचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहते.

नियम कोणाचा?

कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळलेले असतात, हे नेदरलँड्सचे व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचे ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे सांगितले होते. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता! ते तसे का असतात, याचे उत्तर मिळायला पुढची साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. जपानमध्ये र्‍युतारो त्सुचिदा यांनी १९३९ मध्ये आणि इंग्लंडमध्ये नेव्हिल सिजविक व हर्बर्ट पॉवेल यांनी १९४० च्या रॉयल सोसायटीपुढील बेकेरियन व्याख्यानात जोड्यांची संख्या आणि रेणूचा आकार यांची सांगड घातली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रोनाल्ड गिलेस्पी आणि मूळचे ऑस्ट्रेलियाचे रोनाल्ड नायहोम यांनी १९५७ मध्ये एकाकी जोडीच्या जास्तीच्या रेट्यासह या विचाराला नीट नियमांचे रूप दिले. 'संयुजा कवच इलेक्ट्रॉन जोडी प्रतिकर्षण सिद्धांत' हे लांबलचक नाव त्याला पुढे गिलेस्पी यांनीच दिले. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून जगभरचे विद्यार्थी त्याला 'व्हेस्पर' म्हणतात, आणि मराठी नावापेक्षा ते त्यांच्या तोंडी लवकर बसते हे मान्य करावे लागेल.

नियमाची कसोटी लवकरच आली. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये झेनॉन या 'निष्क्रिय' वायूचे संयुग बनवून दाखविले आणि पाठोपाठ झेनॉन व फ्लोरिनची संयुगे तयार झाली. झेनॉनच्या बाह्य कवचात ८ इलेक्ट्रॉन. चार फ्लोरिन जोडल्यावर सहा जोड्या होतात, चार बांधलेल्या आणि दोन एकाकी. दोन एकाकी जोड्या परस्परविरुद्ध बाजूंना जाऊन बसल्या, तर चार फ्लोरिन एका पातळीत चौकोनाच्या कोपऱ्यांवर यायला हवेत. ते तसेच निघाले. सहा फ्लोरिनच्या संयुगाबाबत मतभेद होता. तो नियमित अष्टफलक असावा, असे अनेकांना वाटत होते. गिलेस्पी यांनी मात्र सातवी, एकाकी जोडी मोजली आणि हा अष्टफलक वेडावाकडा असणार, असे सांगितले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या मोजमापांनी त्यांचे म्हणणे खरे ठरविले. बोटांवर केलेला हिशेब क्लिष्ट गणितापेक्षा सरस ठरावा, असे प्रसंग विज्ञानात क्वचितच येतात. गिलेस्पी २०२१ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी निधन पावले.

अर्थात हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. जोड्या एकमेकींना लोटतात, यामागे केवळ विद्युतभार नसून पाउली यांचे अपवर्जन तत्त्वही आहे. ते तत्त्व सारख्या अवस्थेतील दोन इलेक्ट्रॉनांना एका जागी येऊ देत नाही. लोह, निकेल, प्लॅटिनम यांसारख्या धातूंच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनही व्यवहारात भाग घेतात, तेव्हा फुग्यांचा हिशेब चुकतो. कर्करोगावरील सिसप्लॅटिन या औषधात प्लॅटिनमभोवतीचे चार गट चतुष्फलकात नसून सपाट चौकोनात असतात. विशेष म्हणजे त्याच चार गटांची मांडणी बदलून समोरासमोर केली, तर ते औषध म्हणून निरुपयोगी ठरते. आकाराचे महत्त्व सांगायला याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

दोन कार्बन, तीन भावंडे

आता पुन्हा वखारीकडे येता येईल. दोन कार्बन आणि काही हायड्रोजन यांपासून बनलेले तीन वायू आहेत: इथेन, इथिलीन आणि अ‍ॅसिटिलीन. तिघांतला फरक दोन कार्बनच्या मध्ये किती जोड्या आहेत, एवढाच. इथेनमध्ये एक, इथिलीनमध्ये दोन, अ‍ॅसिटिलीनमध्ये तीन. एकाच दिशेला असलेल्या जोड्या आकाराच्या हिशेबात एकच गट म्हणून धरल्या जातात. म्हणून इथेनच्या प्रत्येक कार्बनभोवती चार गट येतात आणि तो चतुष्फलकी राहतो. इथिलीनमध्ये तीन गट येतात आणि कार्बन सपाट होतो. अ‍ॅसिटिलीनमध्ये दोनच गट उरतात आणि चारही अणू एका रेषेत येतात. इथिलीनमध्ये दुहेरी बंध जास्त जागा घेत असल्याने दोन हायड्रोजनमधला कोन १२० ऐवजी सुमारे ११७ अंशांचा भरतो. हा बारकावाही नियमात बसतो.

व्हान्ट हॉफ यांनी हेच चित्र पुठ्ठ्याच्या चतुष्फलकांसारखे डोळ्यांपुढे उभे केले होते. दोन चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा लावून जोडले, की इथेन. कडेला कड लावली, की इथिलीन. पृष्ठाला पृष्ठ चिकटविले, की अ‍ॅसिटिलीन. कोपऱ्यावर जोडलेले चतुष्फलक फिरू शकतात. कडेने जोडलेले फिरत नाहीत, म्हणूनच इथिलीनचे सहाही अणू एका पातळीत अडकून पडतात.

इथिलीन हे वनस्पतीचे स्वतःचे संप्रेरक आहे. पिकणारे फळ स्वतःच इथिलीन सोडते, हे इंग्लंडमध्ये १९३४ मध्ये सफरचंदांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. आढीतल्या एका पिकलेल्या आंब्याने बाकीचे पिकू लागतात किंवा कोंडलेल्या खोलीत धुरी दिल्यावर केळी पिवळी होते, त्याचे कारण हेच. अर्धवट जळणाऱ्या पाल्याच्या धुरात थोडे इथिलीन असते. वनस्पतीच्या पेशीत या वायूची दखल घेणारी प्रथिने असून त्यांत तांब्याचा आयन बसविलेला असतो. इथिलीनच्या दोन कार्बनमधील जास्तीची जोडी आपल्या सपाट रेणूच्या वर आणि खाली पसरलेली असते. तांबे तिलाच पकडते आणि पिकण्याची आज्ञा सुटते: स्टार्चची साखर होते, सालीतले हरितद्रव्य जाते, गर मऊ पडतो.

इथेनमध्ये अशी जास्तीची जोडी नाही, म्हणून इथेनने केळी पिकत नाही. अ‍ॅसिटिलीनमध्ये अशा दोन जोड्या आहेत. त्याचा आकार इथिलीनपेक्षा वेगळा, काठीसारखा असला, तरी रेणू लहान आहे आणि तांब्याला धरायला हवे ते त्याच्यापाशी आहे. म्हणून तो इथिलीनची नक्कल करू शकतो. नक्कल कच्ची असते. तेवढाच परिणाम साधण्यासाठी अ‍ॅसिटिलीन कित्येक पटींनी जास्त लागते. पण कार्बाइडची पुडी स्वस्त असते आणि वेल्डिंगच्या धंद्यामुळे सहज मिळते. ओलावा लागला, की तिच्यातून अ‍ॅसिटिलीन निघू लागते आणि मागे चुना उरतो. ना यंत्र लागते, ना शीतगृह.

पुडीतले विष

धोका अ‍ॅसिटिलीनपेक्षा त्याच्या सोबतीने येणाऱ्या वायूंमध्ये अधिक आहे. कारखान्यांसाठी बनविलेल्या कॅल्शियम कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिक यांचे अंश असतात. ओलाव्याने त्यांचेही वायू होतात: फॉस्फिन आणि आर्सिन. शुद्ध अ‍ॅसिटिलीनला जवळजवळ वास नसतो; कार्बाइडला येणारा लसणासारखा उग्र दर्प या अशुद्ध सोबत्यांचा असतो.

नायट्रोजन, फॉस्फरस आणि आर्सेनिक ही आवर्तसारणीतील एकाच उभ्या रांगेतली मूलद्रव्ये. तिन्हींच्या बाह्य कवचात ५ इलेक्ट्रॉन. त्यामुळे फॉस्फिन आणि आर्सिन यांचा आराखडा अमोनियाचाच: तीन हायड्रोजन, डोक्यावर एक एकाकी जोडी. फक्त मधला अणू मोठा होत जातो, बंधातल्या जोड्या त्याच्या केंद्रकापासून लांब राहतात, त्यांची आपसांतली रेटारेटी कमी होते आणि एकाकी जोडीला त्यांना दाबणे सोपे जाते. अमोनियातला १०७ अंशांचा कोन फॉस्फिनमध्ये सुमारे ९३.५ आणि आर्सिनमध्ये जवळपास ९२ अंशांवर येतो.

आकाराचा वंश एक असला, तरी स्वभाव एक नसतो, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे. अमोनिया घसा जाळतो, पण त्याची वर्दी नाकाला लगेच मिळते. फॉस्फिन हे धान्याच्या गोदामांतील कीड मारण्यासाठी वापरले जाणारे, माणसालाही घातक असे विष आहे. धान्यात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघतो तो हाच वायू. आर्सिन रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने कार्बाइडच्या दुष्परिणामांत चक्कर येणे, वारंवार तहान लागणे, अशक्तपणा, गिळताना त्रास, उलट्या आणि त्वचेवरील व्रण यांचा उल्लेख केला आहे. खाणाऱ्याइतकाच, कदाचित जास्त, धोका बंद वखारीत उघड्या हातांनी पुड्या ठेवणाऱ्या मजुराला असतो. त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

कार्बाइडच्या वायूने पिकविलेली फळे विकण्यास जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही मनाई होती. २०११ च्या अन्न सुरक्षा विनियमांत ती कायम आहे. इथिलीनला मात्र प्राधिकरणाने २०१६ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत मुभा दिली. हे प्रमाण अवघे ०.०१ टक्का होते. हवेत इथिलीन सुमारे २.७ टक्क्यांवर गेले, तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यापासून ही मर्यादा बरीच दूर आहे. इथेफॉन या रसायनातूनही इथिलीन मिळते; पण त्याचा वायू वापरण्यास परवानगी असून त्याच्या द्रावणात फळे बुडविण्यास नाही.

पिकवण केंद्रांत, म्हणजे ज्यांना व्यापारी सरसकट 'रायपनिंग चेंबर' म्हणतात तेथे, केळी १६ ते १८ अंश सेल्सिअसला, भरपूर आर्द्रतेत ठेवून सुमारे दिवसभर इथिलीन दिले जाते आणि ठरावीक वेळाने दार उघडून हवा बदलली जाते. पिकणारे फळ श्वसन करते आणि खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो. तो टक्काभराच्या वर गेला, की इथिलीनच्या कामात अडथळा आणतो आणि केळी अर्धवट पिकते.

देठ हिरवा आणि साल पिवळी दिसली, की केळी कार्बाइडची, असा समज शहरांत रूढ आहे. तो विश्वासार्ह नाही. कमी तापमानात इथिलीनने पिकविलेल्या केळीचीही टोके काही काळ हिरवी राहतात. दोन्ही वायू पेशीतील त्याच तांब्याला पकडतात, त्यामुळे सालीचा पिवळा रंग कोणता वायू येऊन गेला हे सांगत नाही. म्हणूनच तपासणी करणाऱ्यांची नजर फळापेक्षा वखारीच्या कोपऱ्यांकडे असते. जागेत किंवा फळांच्या क्रेटजवळ कॅल्शियम कार्बाइड सापडल्यास तो संबंधित व्यावसायिकाविरुद्ध परिस्थितिजन्य पुरावा मानून खटला भरावा, असे प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये राज्यांना कळविले आहे.